पोटात मावेल तेवढेच शस्त्र

२०२५च्या फेब्रुवारीत बंगळुरूजवळच्या येलहंका हवाई तळावर ‘एरो इंडिया’ प्रदर्शन भरले होते. अमेरिकेचे एफ-३५ आणि रशियाचे सुखोई-५७ ही दोन प्रतिस्पर्धी महासत्तांची अत्याधुनिक ‘स्टेल्थ’ लढाऊ विमाने त्या प्रदर्शनात एकाच वेळी हजर होती. त्याच प्रदर्शनात आपल्या भावी ‘ॲमका’ या स्वदेशी स्टेल्थ विमानाची पूर्णाकृती प्रतिकृतीही मांडलेली होती. प्रदर्शन संपायच्या आत, १३ फेब्रुवारीला, वॉशिंग्टनमध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या भेटीप्रसंगी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी भारताला एफ-३५ देण्याचा मार्ग मोकळा करीत असल्याचे सांगितले आणि देशभर चर्चेला उधाण आले. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दोन विमाने शेजारी शेजारी उभी करून त्यांचा वेग, पल्ला, किंमत यांचे तक्ते झळकू लागले. ऑगस्टमध्ये परराष्ट्र मंत्रालयाने लोकसभेत लेखी उत्तर देऊन एफ-३५संबंधी कोणतीही औपचारिक चर्चा झालेली नसल्याचे स्पष्ट केले, तेव्हा कोठे तो गदारोळ ओसरला.

त्या सर्व गदारोळात एक प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. शत्रूच्या रडारपासून दडून जाणारे हे विमान दडलेले असताना सोबत किती शस्त्रे नेते आणि ती शस्त्रे कोणाची असतात? प्रश्न तांत्रिक वाटतो. परंतु पुढच्या तीस-चाळीस वर्षांचे आपले हवाई सामर्थ्य कोणाच्या मर्जीवर राहील, याचे उत्तर त्यात दडलेले आहे. म्हणून विषय थोडा क्लिष्ट असला तरी वाचकांनी तो समजून घ्यावा, अशी आमची विनंती आहे. आम्ही विज्ञानशाखेचे नव्हे. पण यातले मूळ गणित कोणाही सुबुद्ध नागरिकाला उमगावे इतके सरळ आहे.

रडार आकाशात लहरी सोडते आणि विमानावर आपटून परतणारा प्रतिध्वनी टिपते. विमानाचा आकार असा घडवला की लहरी आल्या दिशेने परतण्याऐवजी भलतीकडे फेकल्या जातील, आणि पृष्ठभागावर लहरी शोषणारा लेप दिला, की प्रतिध्वनी क्षीण होतो. या विद्येचा सैद्धांतिक पाया सोव्हिएत शास्त्रज्ञ प्योत्र उफिमत्सेव यांच्या १९६२मधील ग्रंथात होता. सोव्हिएत सत्ताधाऱ्यांना त्याचे लष्करी मोल कळले नाही, तो ग्रंथ उघडपणे प्रसिद्ध झाला, आणि अमेरिकेतील लॉकहीड कंपनीच्या अभियंत्यांनी त्याच्या आधारे पहिले स्टेल्थ विमान उभे केले. घरचे ज्ञान घरात उपेक्षित राहावे आणि परक्याने त्याचे शस्त्र करावे, हा अनुभव केवळ आपल्याच वाट्याला आलेला नाही, हे यावरून ध्यानात येईल.

यातला निसर्गनियम मोठा कठोर आहे. प्रतिध्वनी सोळाव्या हिश्शावर आणला, तरी रडारला विमान दिसण्याचे अंतर फक्त निम्मे होते. ते अंतर एक दशांशावर आणायचे असेल, तर प्रतिध्वनी दहा हजारांश करावा लागतो. एवढ्या कष्टाने जे मिळवले, ते घालवायला मात्र फारसे काही लागत नाही. पंखाखाली चार क्षेपणास्त्रे टांगली की त्यांचे गोल अंग, बाजूचे परांचे काटकोन आणि ती अडकवण्याचे खांब रडारची लहर सरळ माघारी धाडतात आणि अब्जावधी रुपयांचे स्टेल्थ विमान रडारच्या पडद्यावर साध्या विमानासारखे उमटते. म्हणून शस्त्रे पोटात न्यावी लागतात. तेथून खऱ्या अडचणी सुरू होतात.

महाभारतात पांडवांवर अज्ञातवासाची पाळी आली, तेव्हा विराटनगरात शिरण्यापूर्वी त्यांना आपली शस्त्रे शमीच्या झाडावर ठेवावी लागली. गांडीव खांद्यावर घेऊन बृहन्नडा होता येत नाही. आपण दर विजयादशमीला शमीचे पूजन करतो, शस्त्रांचे पूजन करतो. परंतु दडायचे असेल तर शस्त्राचा काही भाग उतरवून ठेवावा लागतो, हा त्या कथेतला व्यवहार सहसा आपल्या लक्षात येत नाही. प्रतापगडाच्या पायथ्याशी १६५९मध्ये शिवछत्रपतींनी अफजलखानाच्या भेटीला जाताना मुठीत दडणारी वाघनखे आणि अस्तनीत मावणारा बिचवा निवडला. जागा लहान होती म्हणून शस्त्रही त्या जागेच्या मापाचे घेतले. स्टेल्थ विमानाच्या रचनाकारापुढचा प्रश्न नेमका हाच असतो.

विमानाच्या पोटात रिकामी जागा नसतेच. इंजिने तेथे, त्यांना हवा पुरवणाऱ्या नळ्या तेथे, उतरण्याची चाके मिटून बसतात ती तेथे, आणि इंधनही बव्हंशी तेथेच. शिवाय इंजिनाची फिरती पाती समोरून रडारला दिसू नयेत म्हणून हवेच्या नळ्या नागमोडी वळवाव्या लागतात. त्या अधिकच जागा खातात. या सर्वांतून शस्त्रकप्प्यासाठी जी जागा काढायची, ती कोणाच्या तरी तोंडचा घास काढूनच. कप्पा मोठा करावा तर इंधन घटते आणि पल्ला आखडतो. विमानच मोठे करावे तर वजन वाढते, वजन वाढले की अधिक ताकदीचे इंजिन हवे, अधिक ताकदीचे इंजिन अधिक इंधन पिते. आणखी एक गोष्ट आहे. साध्या विमानाच्या पोटाचा तळ हा त्याचा कणा असतो. त्यात लांबलचक भोक पाडून दरवाजे बसवले, की भार पेलायला सभोवतालचा सांगाडा भक्कम आणि जड करावा लागतो.

दरवाजे उघडण्याचा क्षण तर विशेष कसोटीचा. ध्वनीच्या वेगाने किंवा त्याहूनही जलद जाणाऱ्या विमानाच्या पोटाचे दार उघडले की आत शिरणारी हवा घुसळू लागते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर ती घुमते, तसा तो कप्पा घुमतो. त्या आवाजाची तीव्रता दीडशे डेसिबलहून अधिक जाते आणि शस्त्रातील नाजूक यंत्रणा त्याने हादरून निघते. क्षेपणास्त्र नुसते सोडून दिले तर हवेचा प्रवाह ते पुन्हा विमानावरच आदळवू शकतो, म्हणून शक्तिशाली यांत्रिक हातांनी ते खाली ढकलून बाहेर काढावे लागते आणि मग त्याची मोटर पेटते. दार उघडे असते तेवढा वेळ विमान रडारला अधिक दिसते. म्हणजे हे सर्व क्षणार्धात उरकले पाहिजे.

एवढा खटाटोप करून नेता येते तरी किती? पहिल्या पिढीचे एफ-११७ जेमतेम दोन बॉम्ब नेत असे, प्रत्येकी दोन हजार पौंडांचे, म्हणजे सुमारे नऊशे किलोंचे. १९९१च्या आखाती युद्धात या दोन-दोन बॉम्बांच्या बळावर त्याने बगदादचे संरक्षण भेदले. १९९९मध्ये सर्बियात याच जातीचे एक विमान जुन्या सोव्हिएत बनावटीच्या क्षेपणास्त्राने पाडले, तेव्हा ‘अदृश्य’ हा शब्द जपून वापरावा हेही जगाला कळले. एफ-२२ हे अमेरिकेचे सर्वोत्तम हवाई युद्ध विमान पोटातील मुख्य कप्प्यात सहा लांब पल्ल्याची आणि दोन बाजूंच्या कप्प्यांत प्रत्येकी एक जवळच्या पल्ल्याचे, अशी आठ क्षेपणास्त्रे नेते. पण त्याच विमानाला जमिनीवर बॉम्ब टाकायचा असेल तर हजार पौंडांचे दोनच बॉम्ब मावतात आणि लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे सहावरून दोनवर येतात. दोन हजार पौंडांचा बॉम्ब त्याच्या उथळ पोटात बसतच नाही.

एफ-३५ची गोष्ट अधिक बोलकी आहे. त्याच्या धावपट्टीवरून उडणाऱ्या आवृत्तीच्या पोटात दोन हजार पौंडांचे दोन बॉम्ब आणि दोन क्षेपणास्त्रे मावतात, एकूण भार अडीच टनांच्या आसपास. याच विमानाच्या सरळ वर उचलून उतरणाऱ्या दुसऱ्या आवृत्तीत वैमानिकाच्या मागे भला मोठा उचलपंखा बसवावा लागला. त्याने जागा खाल्ली, कप्पा आखडला आणि तिला हजार पौंडांच्या बॉम्बवर समाधान मानावे लागले. पंखांखालीही शस्त्रे टांगली तर एफ-३५ एकूण आठ टनांहून अधिक भार उचलते. मात्र तेव्हा ते स्टेल्थ राहत नाही. अमेरिकी वैमानिक या अवस्थेला ‘बीस्ट मोड’, म्हणजे श्वापदाचा अवतार म्हणतात. कल्पना अशी, की युद्धाच्या पहिल्या दिवसांत पोटातल्या मोजक्या शस्त्रांनिशी शत्रूची रडारे आणि विमानभेदी क्षेपणास्त्रे उद्ध्वस्त करायची आणि आकाश मोकळे झाले की पंख भरून जायचे. परंतु मोकळ्या आकाशात भार वाहायला इतकी महाग विमाने कशाला हवीत? तेथे जुनी विमानेही पुरतात. आपले राफेल बाहेर साडेनऊ टन उचलते, सुखोई-३० आठ टन.

तेव्हा ‘आमचे विमान इतके टन नेते’ या बढाईला स्टेल्थच्या संदर्भात काही अर्थ नाही. विचारायचे ते एवढेच, की दार बंद असताना आत किती आणि काय आहे.

जगातील सर्व जाणत्या देशांनी हे ओळखून शस्त्रालाच विमानाच्या पोटाचे माप दिले आहे. अमेरिकेने आपल्या अॅमराम क्षेपणास्त्राचे पर छाटून त्याची नवी आवृत्ती काढली, ती एफ-२२च्या पोटात सहा नग बसावेत म्हणूनच. मोठे बॉम्ब मावत नाहीत म्हणून अडीचशे पौंडांचा, मिटलेल्या पंखांचा, दूरवर तरंगत जाऊन अचूक आदळणारा लहान बॉम्ब बनवला. एफ-२२ असे आठ बॉम्ब पोटात नेते. वजन घटले ते अचूकतेने भरून काढले. नॉर्वे हा पन्नास-पंचावन्न लाख लोकवस्तीचा देश. त्याने एफ-३५ घेण्याचे ठरवतानाच त्याच्या पोटात बसेल असे स्वतःचे नौकाभेदी क्षेपणास्त्र विकसित केले. रशियाने रडारभेदी क्षेपणास्त्राला दुमडणारे पर दिले आणि सुखोई-५७च्या पोटात एकामागे एक असे दोन लांब कप्पे ठेवले. चीनच्या जे-२०चे मुख्य पोट चार लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे नेते; बाजूच्या कप्प्यातील छोटे क्षेपणास्त्र आधी बाहेर काढून दार पुन्हा मिटून घेण्याची युक्तीही चिनी अभियंत्यांनी केली आहे. शत्रूची अक्कल कमी लेखण्याचे व्यसन आपल्याकडे काहींना आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

पूर्वीच्या विमानांशी तुलना केली म्हणजे या बदलाचे गांभीर्य कळते. पंखाखाली शस्त्र टांगायचे असते तेव्हा ऐनवेळी काही करता येते. १९९९च्या कारगिल युद्धात आपल्या हवाई दलाच्या तंत्रज्ञांनी मिराज विमानांना मूळच्या योजनेत नसलेले बॉम्ब जोडून दाखवले आणि टायगर हिलवर त्याचा परिणाम शत्रूने भोगला. ब्राह्मोसचे उदाहरण त्याहून मोठे. अडीच टनांचे, सुमारे आठ मीटर लांबीचे हे क्षेपणास्त्र सुखोई-३०च्या पोटाखाली बसवण्याची कामगिरी नाशिकजवळच्या ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्याने केली. विमानाचा सांगाडा भक्कम केला, विद्युतजोडण्या बदलल्या; जून २०१६मध्ये ते जोडीने नाशिकच्या आकाशात उडाले, २२ नोव्हेंबर २०१७ रोजी बंगालच्या उपसागरावर त्याचा पहिला मारा यशस्वी झाला आणि जानेवारी २०२०मध्ये तंजावरला त्याची स्क्वाड्रन उभी राहिली. मे २०२५च्या ‘ऑपरेशन सिंदूर’मध्ये ब्राह्मोसने काय केले, ते पाकिस्तानच्या हवाई तळांना विचारावे. ते विमान रशियन रचनेचे असले तरी त्याच्या पोटाखाली काय टांगायचे, हे आपण ठरवू शकलो.

बंद कप्प्याच्या विमानात अशी उस्तवार चालत नाही. दोन बोटे लांब शस्त्र आत बसत नाही ते नाहीच. बसले तरी ते घुमणाऱ्या कप्प्यातून सुखरूप बाहेर पडते का, याच्या चाचण्या विमानाच्या निर्मात्यानेच घ्याव्या लागतात. आणि त्या शस्त्राला विमानाच्या संगणकाशी बोलता यावे, तर त्या संगणकाची किल्ली हवी. ती किल्ली कोणाच्या हाती असते?

तुर्कस्तानचा अनुभव या बाबतीत डोळ्यांत अंजन घालणारा आहे. तुर्कस्तान अमेरिकेचा ‘नाटो’तील जुना मित्र, एफ-३५च्या निर्मितीतील भागीदार, त्या विमानाचे शेकडो सुटे भाग बनवणारा देश. त्याने एफ-३५च्या पोटाच्या मापाचे आपले ‘सोम-जे’ हे क्षेपणास्त्र लॉकहीडच्याच सहकार्याने आखले. मग तुर्कस्तानने रशियाकडून एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा घेतली. जुलै २०१९मध्ये अमेरिकेने त्याला कार्यक्रमातून बाहेर काढले. तुर्कस्तानसाठी बांधून तयार झालेली विमाने अमेरिकेतच राहिली आणि ज्या पोटासाठी क्षेपणास्त्र शिवले होते ते पोटच हातातून गेले. तुर्कस्तानविषयी आम्हाला ममत्व असण्याचे कारण नाही. पाकिस्तानची तळी उचलणारा तो देश आहे. परंतु एस-४०० आपल्याकडेही आहे आणि ‘सिंदूर’च्या दिवसांत तिने आपले आकाश राखले आहे, एवढे स्मरण एफ-३५च्या चाहत्यांना करून द्यावेसे वाटते.

तुर्कस्तान रुसव्या-फुगव्याचा दोस्त होता असे कोणी म्हणेल, तर ब्रिटनकडे पाहा. एफ-३५ कार्यक्रमात पहिल्या दर्जाचा भागीदार असलेला तो एकमेव देश. युरोपीय ‘मीटिऑर’ हे लांब पल्ल्याचे उत्कृष्ट क्षेपणास्त्र आपल्या एफ-३५वर बसवण्याची ब्रिटनची इच्छा कित्येक वर्षांची आहे. ते काम २०३०च्या दशकावर गेले आहे. नव्या शस्त्रासाठी विमानाच्या संगणकप्रणालीची नवी आवृत्ती लागते, ती आवृत्ती अमेरिकेत तयार होते आणि तेथील रांगेत अमेरिकेची स्वतःची शस्त्रे आधी असतात. यात कोणाचा कुटिल डाव आहे असेही नाही. मालक आपले काम आधी करतो, भाडेकरूचे नंतर. इस्रायलला स्वतःची यंत्रणा आणि शस्त्रे जोडण्याची मुभा मिळाली हे खरे. पण इस्रायल आणि अमेरिका यांचे नाते दुसऱ्या कोणत्याही देशाला मिळालेले नाही.

आता ज्यांना परदेशी विमान तातडीने घ्यावे असे वाटते, त्यांचा पक्षही नीट ऐकला पाहिजे. तो देशद्रोह्यांचा नव्हे, काळजीने झोप उडालेल्या माणसांचा पक्ष आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ने निरोप घेतला, तेव्हा हवाई दलाकडे एकोणतीस स्क्वाड्रन उरल्या. मंजूर संख्या बेचाळीस आहे. चीनचे जे-२० जानेवारी २०११मध्ये पहिल्यांदा उडाले आणि आज मोठ्या संख्येने सेवेत आहे. जून २०२५मध्ये पाकिस्तान सरकारनेच चीनकडून जे-३५ या स्टेल्थ विमानाचा प्रस्ताव आल्याचे जाहीर केले. आपले ॲमका मात्र २०३०च्या दशकाच्या मध्याआधी हवाई दलात दाखल होणार नाही. मधली वर्षे कशी काढायची, हा प्रश्न खोटा नाही. रशिया सुखोई-५७ भारतात बांधण्याची भाषा बोलतो, त्यात तथ्य किती हे तपासलेही पाहिजे. मात्र २०१०पासून आठ वर्षे याच विमानाच्या भारतीय आवृत्तीवर पैसा आणि वेळ घालवून २०१८मध्ये आपण बाहेर पडलो, ते विसरून नव्हे.

मधल्या काळासाठी काही विमाने घ्यावीच लागली, तर करारात पहिली अट वेग-पल्ल्याची नसावी, किमतीचीही नसावी. आपले ‘अस्त्र’ क्षेपणास्त्र पोटात बसवण्याचा अधिकार मिळतो का, तो कोणाच्या परवानगीवाचून वापरता येतो का, हे आधी लेखी घ्यावे. ते मिळत नसेल तर विमानाबरोबर त्याची शस्त्रेही त्याच दुकानातून, त्याच्याच भावात, आणि युद्धाच्या दिवशी त्याच्याच मर्जीने घ्यावी लागतील. हैदराबादच्या प्रयोगशाळांनी आणि कारखान्यांनी पंचवीस वर्षांच्या तपश्चर्येने जे उभे केले ते अशा विमानाच्या दारात उभे राहील.

‘ॲमका’कडे वळू. मार्च २०२४मध्ये मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने त्यासाठी सुमारे पंधरा हजार कोटी रुपये मंजूर केले, पाच प्रारूप विमाने बांधायची आहेत. मे २०२५मध्ये खासगी उद्योगांनाही स्पर्धेत उतरू देणारी निर्मितीची पद्धत संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी मान्य केली. पंचवीस टनांचे हे विमान पोटात साडेसहा टन इंधन आणि दीड टन शस्त्रे नेईल. बाहेर टांगल्यास आणखी साडेपाच टन. दीड टन हा आकडा वाचून आपल्याकडील काही स्वयंघोषित तज्ज्ञांनी नाके मुरडली. एफ-३५ अडीच टन नेते आणि आमचे दीडच? वर सांगितलेले गणित ज्याने समजून घेतले, तो असे विचारणार नाही. एक टन शस्त्र वाढवायचे तर इंधन किती घटवायचे, हे त्यांनी सांगावे. दोन इंजिनांचे, हिमालय ओलांडून जाऊ पाहणारे विमान आपल्याला हवे आहे. त्याला इंधन लागतेच.

खरी चिंता निराळी आहे. या दीड टनात भरायला आपल्याकडे काय आहे? ‘अस्त्र’ एकशे चोपन्न किलोंचे, पावणेचार मीटरहून थोडे लांब. अशी चार नेली तर वजन सव्वासहाशे किलोंच्या आत राहते. वजनाचा प्रश्न नाही, जागेचा आहे. त्याचे पर कसे बेतायचे, ते कप्प्यातून कसे ढकलायचे, याचा आहे. धावपट्ट्या उखडणारे सव्वाशे किलोंच्या आतबाहेरचे, शंभर किलोमीटर तरंगत जाणारे शस्त्र आपण तयार केले आहे. ते या पोटासाठीच जन्मले असावे असे वाटते. परंतु ऑगस्ट २०२४मध्ये ज्याची चाचणी झाली तो ‘गौरव’ हा तरंगणारा बॉम्ब एक हजार किलोंच्या वर्गातला आहे. एकच नेला तरी ॲमकाच्या पोटाचा दोन तृतीयांश भार संपला. ब्राह्मोसचे तर नावच नको. नव्या, हलक्या आवृत्तीचे वजनही एक टनाच्या वरच राहणार. शत्रूची रडारे टिपणाऱ्या ‘रुद्रम’ मालिकेची ऑक्टोबर २०२० आणि मे २०२४मधील उड्डाणे सुखोई-३०वरून झाली. पहिल्या दिवशी शत्रूच्या हद्दीत शिरणाऱ्या विमानाला सर्वांत निकडीचे शस्त्र कोणते, तर हेच. ते सुखोईच्या मापाने वाढत राहिले आणि ॲमकाच्या पोटाच्या मापाची त्याची आवृत्ती वेळेत आली नाही, तर विमान दडून आत जाईल आणि हात चोळत परत येईल.

हा धोका काल्पनिक नाही. आपल्या विमान उद्योगाची जन्मकथाच अपुऱ्या जोडीची आहे. जर्मन रचनाकार कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली १९६१मध्ये आपण ‘मारुत’ उडवले. सांगाडा देखणा आणि वेगासाठी घडवलेला; पण त्याला साजेसे इंजिन तेव्हाच्या सरकारला ना बनवता आले ना मिळवता आले. कमी ताकदीच्या इंजिनावर ते उमदे विमान आयुष्यभर रखडले. तेजसची वाटही अमेरिकेतून वेळेवर न येणाऱ्या इंजिनांनी अडवली, आणि ‘एरो इंडिया’तच हवाई दलप्रमुख ए. पी. सिंह यांनी आपली नाराजी लपवली नाही. ॲमकाच्या पुढच्या आवृत्तीसाठी फ्रान्सच्या साफ्रान कंपनीबरोबर नवे इंजिन घडवण्याचा निर्णय २०२५मध्ये झाला, हे उत्तमच. मात्र इंजिनाचा धडा शिकायला आपण साठ वर्षे घेतली. शस्त्राचा धडा तितका वेळ देणार नाही.

करण्यासारखे बरेच आहे आणि त्याला परकीयांची परवानगी लागत नाही. ॲमकाच्या शस्त्रकप्प्याची लांबी, रुंदी, खोली आता गोठवावी आणि ती हैदराबादच्या क्षेपणास्त्र प्रयोगशाळा, पुण्याची आयुध संशोधन संस्था आणि खासगी कारखाने यांच्या टेबलावर बंधनकारक आज्ञा म्हणून ठेवावी. त्या मापात न बसणाऱ्या नव्या हवाई शस्त्राला मंजुरी देताना कारण लेखी मागावे. विमान उडण्याची वाट न पाहता जमिनीवर पूर्ण मापाचा कप्पा उभारून दारे, ढकलयंत्रे, मापाचे नकली क्षेपणास्त्र यांच्या हजारो आवर्तनांच्या चाचण्या सुरू कराव्यात. पुण्याच्या पाषाण-सुतारवाडी भागात स्फोटके आणि इंधने यांवर काम करणारी मंडळी आहेत. कमी आकारात अधिक जोर देणारा स्फोटक भार आणि लहान मोटरीतून अधिक पल्ला, ही त्यांच्या विद्येची मागणी यापुढे वाढत जाणार. लहान शस्त्र दुबळे असते हा समज त्यांनीच मोडायचा आहे.

आणि सुखोई-३० मोडीत काढण्याची घाई कोणी करू नये. दडून पुढे गेलेल्या ॲमकाने लक्ष्य हेरायचे, तेथील रडार आंधळे करायचे आणि शेकडो किलोमीटर मागे असलेल्या सुखोईने ब्राह्मोस सोडायचे, ही विभागणी आपल्या प्रकृतीला साजेशी आहे. अर्जुन बृहन्नडेच्या वेषात असताना उत्तराला शमीच्या झाडावर चढवून शस्त्रे खाली घ्यावी लागली होती. आपला उत्तर आधीच खांद्यावर ब्राह्मोस घेऊन उभा आहे. लांब पल्ल्याच्या ‘अस्त्र’च्या तिसऱ्या आवृत्तीला ‘गांडीव’ हे नाव दिले गेले आहे. ते गांडीव कोणत्या विमानाच्या पोटात, किती नगांनी, कोणत्या सालापर्यंत बसणार, याचे वेळापत्रक संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने मागून घ्यावे. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरला तेजसच्या नव्या उत्पादनसाखळीचे उद्घाटन झाले. ज्या कारखान्याने ब्राह्मोस सुखोईला जोडले, तेथील अनुभवी कामगार आणि अभियंते येत्या काही वर्षांत निवृत्तीला येतील. ॲमकाच्या कप्प्याचा पहिला नमुना त्यांच्या नजरेखालून जावा, यासाठी मुदत फार उरलेली नाही.